तिसऱ्या आणि चौथ्या तसबिरीमधला खिळा

सोमवार, १७ जानेवारी २०११

आज सकाळी सहाला, झाडूवाले यायच्या आधी, सिनेट सभागृहातल्या सातही तसबिरी मी स्वतः उतरवून पुसल्या. काम माझं नव्हे. पण शुक्रवारी कुलसचिव मॅडम म्हणाल्या, "मिस्टर बारिमा, सुवर्णमहोत्सवाची पुस्तिका तुम्हीच लिहायची. विद्यापीठाचे आजवरचे प्रमुख, त्यांची पदं, त्यांचं कार्य. त्या चेहऱ्यांशी जरा ओळख करून घ्या." मला वाटलं, ओळख करायची तर आधी त्यांची तोंडं धुवावीत.

आधी प्रार्थना केली. मग बादली, साबण, जुनी वर्तमानपत्रं. महिनाभर वाहणाऱ्या कोरड्या हरमाटन वाऱ्याने काचांवर लाल धुळीचा थर चढवलाय. पहिल्या इंग्रज प्राचार्यांच्या मागे गांधीलमाशीने मातीचं घर केलं होतं. दुसऱ्यांच्या चौकटीत सरड्याची सुकलेली घाण, तिसऱ्यांच्या मागे एक अख्खा मेलेला सरडा, कागदासारखा चपटा. पन्नास वर्षांचा मान भिंतीच्या बाजूने असा दिसतो. हात तीनदा धुतले तरी वास गेला नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या तसबिरीच्या मधे एक रिकामा खिळा होता. पुसताना मनगट चांगलंच ओरखडलं. कशाचा खिळा कोण जाणे. उपटून खिशात टाकला, उगाच कोणाला लागायला नको.

ही वही आज सुरू केली, कारण पुस्तिकेत जे लिहिता येणार नाही ते कुठेतरी ठेवावं लागेल असं वाटतंय. मी याव बारिमा, वय एकोणपन्नास, असुबोनी विद्यापीठात सहायक कुलसचिव, जुनं दप्तर सांभाळतो. १९८२च्या ऑक्टोबरात निरोप्या म्हणून लागलो. आमच्या गावच्या मेथडिस्ट शाळेत जेवढं शिकलो त्यात टाइपिंगची भर घातली, आणि देवाच्या कृपेने इथवर आलो.

गुरुवार, २० जानेवारी

कुलगुरूंनी बोलावलं. प्रोफेसर कुसी-आप्पाउ बसले होते ते महोत्सवाच्या कापडाचा नमुना टेबलावर पसरून. निळ्या जमिनीवर सात वर्तुळं, प्रत्येकात एक चेहरा, शेवटचा त्यांचा, इतरांहून बोटभर मोठा. वर सोनेरी अक्षरांत: सात प्रमुख, पन्नास वर्षं. कापडावर भाजलेल्या मांसाच्या काड्यांची बशी ठेवलेली. तेलाचा डाग बरोबर संस्थापक प्राचार्यांच्या कपाळावर.

"मी आईचं सातवं मूल," ते काडीने दात कोरत म्हणाले. "विद्यापीठाचा सातवा प्रमुख. आणि पन्नासावं वर्ष माझ्या काळात. देव आकडे कसे जुळवतो बघा, मिस्टर बारिमा. तुम्ही भाविक माणूस, तुम्हाला कळेल."

"हो, प्रोफ," मी म्हणालो. आणि खरंच मला तेव्हा ते देवाचंच वाटलं.

यादी कुठून घेतली, असं मी विचारलं. ते हसले. "तुमच्याच दप्तरातून. चाळिसाव्या वर्षी केलेली अधिकृत यादी आहे ना? तीच. सहा हजार वार छापून झालंय, आता फक्त शब्द भरायचेत."

बरं झालं. यादी तयार असली की निम्मं काम झालं. तो महोत्सव मला आठवतो. २००१. त्याच वर्षी देवाने आम्हाला पेरूचं झाड असलेला बंगला दिला.

शनिवार, २९ जानेवारी

कर्मचाऱ्यांना महोत्सवाचं कापड सहा-सहा वार वाटलं. माझी बायको अबेना जेवणाच्या टेबलावर कापड उलटसुलट करून बघत होती. ती शिवणकाम करते. कापड हातात आलं की तिची जीभ कात्रीसारखी चालते.

"अहो, एसीचे बाबा, इकडे या. असं बेतलं तर इंग्रज साहेब माझ्या बुडाखाली येतो. तसं बेतलं तर तुमचे कुलगुरू येतात. कोणावर बसू ते तुम्हीच सांगा."

"जरा आदराने बोल."

"आदरानेच बसेन हो. हळूच." मग ती चेहरे मोजायला लागली. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले. माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होती, पण कात्री उचलून कामाला लागली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. सूप निवतंय."

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

प्रोफेसर आफुआ द्वोमोह आज पहाटे त्यांच्या गावी, बेपोसोला, वारल्या. वय अठ्ठ्याऐंशी. शुक्रवारी जन्मलेल्या म्हणून आफुआ, गेल्याही शुक्रवारीच.

बातमी ऐकली आणि एकदम तोंडात कसाव्याच्या कंदाची चव आली. १९८३. पाऊस नाही, वणवे लागलेले, नायजेरियातून हाकललेली आपलीच माणसं रस्तोरस्ती. तिसरे प्रमुख, प्रोफेसर तांडोह, 'उपचारासाठी' लंडनला गेले ते परत आलेच नाहीत. कोणी ती खुर्ची घ्यायला तयार होईना. वनस्पतिशास्त्राच्या या बाईंनी घेतली, प्रभारी म्हणून. पहिल्याच दिवशी फुटबॉलचं मैदान नांगरायला काढलं. सकाळी सहा ते आठ सगळ्यांनी कसावा लावायचा, प्राध्यापकांनीसुद्धा, मग तास. त्या स्वतः पायघोळ झगा खोचून सगळ्यात पुढे. विद्यापीठं बंद पडत होती, आमचं चालू राहिलं.

आणि ती गोष्ट. मदत म्हणून आलेल्या मक्याच्या पिठाची दोन पोती एका व्याख्यात्याने बाजारात विकली. बाईंनी त्याला कामावरून काढलं नाही. आठवडाभर रोज सकाळी खानावळीत उभं केलं, हातात मोठी पळी दिली, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या भांड्यात लापशी वाढायला लावली. विद्यार्थी म्हणायचे, "सर, अजून थोडी, सर. पोत्यातली राहिली असेल, सर." मीही भांडं घेऊन रांगेत होतो. एकवीस वर्षांचा होतो, खूप हसलो होतो.

तो व्याख्याता पुढे कुलगुरू झाला. प्रोफेसर ओफोसुहेने. भिंतीवरची सहावी तसबीर. गेल्या वर्षी तेही वारले.

सोमवार, ७ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

द्वोमोह घराण्याची माणसं मृत्यूची वर्दी द्यायला आली. लाल-काळी वस्त्रं नेसलेले नऊ जण, पुढे घराण्याचे प्रमुख ओपान्यिन चेरेमे, हातात श्नॅप्सची बाटली. वर्दी मानली गेली की त्यातलंच मद्य जमिनीवर ओततात. आमच्या बाजूने कुलगुरू, मॅडम, मी, आणि बोलायला नाना आजेकुम. नाना विद्यापीठाचे ओक्यामे. पहिल्या वर्षी इथल्या राजाने त्यांना सोन्याच्या मुठीची काठी देऊन विद्यापीठाला दिलं, ते आजवर आहेत. प्रमुख हळू आवाजात जे सांगेल ते ओक्यामेने चारचौघांत मोठ्याने, शोभेल अशा शब्दांत सांगायचं. दर वर्षी स्थापनादिनाला, आणि यंदा महोत्सवात, जमिनीवर मद्य ओतून आजवरच्या मृत प्रमुखांची नावं पुकारायची, तीही त्यांनीच. त्या वेळी मी व्हरांड्यात जाऊन उभा राहतो. माझा धर्म मला ते करू देत नाही.

ओपान्यिन चेरेमेंनी बाटली पुढे ठेवली. "आमची मुलगी पडली. ती तुमच्याही घरात होती. ती तुमच्याकडे कोण होती, हे आम्ही तुमच्या तोंडून ऐकायला आलोय. तुम्ही सांगाल त्या मानाने आम्ही तिला मातीने झाकू. महोत्सवात तिचं नाव पुकारणार की नाही, तेही सांगा. तुम्ही सांगेपर्यंत अंत्यविधीचा दिवस धरणार नाही. ती शवागारात थांबेल. वाट बघायची तिला सवय आहे."

कुलगुरू नानांच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होतो, शब्द मलाही ऐकू आले: "सांगा, वनस्पतिशास्त्राच्या आदरणीय अध्यापिका. आम्ही पुष्पचक्र पाठवू."

नाना बोलेनात. काठी जमिनीवर टेकवून समोर बघत राहिले. कुलगुरूंनी पुन्हा सांगितलं. नाना खोकले. "घशात धूळ गेली," म्हणाले, आणि पुन्हा खोकले. खोकला खोटा होता. ऐंशी वर्षांचा म्हातारा शाळकरी पोरासारखा खोटं खोकत होता आणि सगळ्यांना ते कळत होतं.

मग कुलगुरू माझ्याकडे वळले. "मिस्टर बारिमा, तुम्ही सांगा त्यांना."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. शब्द न शब्द. "आदरणीय अध्यापिका." पुष्पचक्राचंही सांगितलं.

ओपान्यिन चेरेमेंनी बाटली उचलली, न उघडता. वस्त्राच्या घोळात ठेवली. "घराला माणसाचं नाव आठवत नाहीये. आठवलं की कागदावर लिहून पाठवा. बाटली तोवर आमच्याकडे."

जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. माझ्याशीसुद्धा. त्यांचा हात कोरडा होता, माझा ओला. मला स्वतःच्या हाताची शिसारी आली.

बुधवार, ९ फेब्रुवारी

दोन दिवस दप्तरातच बसलो आहे. मॅडमना विचारलं होतं, द्वोमोह बाई यादीत का नाहीत? म्हणाल्या, "प्रभारी मोजत नाहीत. नियम आहे." मी म्हटलं, नियम बघून घेतो, पुस्तिकेत तळटीप देता येईल.

तो नियम कुठेच नाही. मग भिंतीवरचे सात एकेक करून काढले.

पहिले इंग्रज साहेब कुलगुरू नव्हतेच. तेव्हा हे महाविद्यालय होतं, ते प्राचार्य. तरी मोजलेत. दुसरे नेमलेले कुलगुरू, चांगला माणूस, बढत्यांची पत्रंही हाताने लिहायचे. तिसरे तांडोह, शेवटचे आठ महिने लंडनमधून पगार घेत होते. ते महिनेही त्यांच्या कारकिर्दीत धरलेत. चौथे तर ना प्राचार्य ना कुलगुरू. सरकारने नेमलेल्या अंतरिम समितीचे अध्यक्ष. आठ वर्षं समितीचेच अध्यक्ष राहिले, नेमणूक कधी झालीच नाही. तेही मोजलेत. पाचवे ठीक. सहावे ओफोसुहेने: पहिली दोन वर्षं प्रभारी, मग कायम. भिंतीवर पहिल्या दिवसापासून धरलंय.

म्हणजे प्राचार्य चालतो, समितीचा अध्यक्ष चालतो, लंडनला पळालेला चालतो, प्रभारीसुद्धा चालतो. नियम एकाच माणसासाठी आहे. पंधरा महिने माणसांना उपाशी न ठेवणाऱ्या बाईसाठी.

फायली चाळताना जाणवलं, जवळजवळ प्रत्येक नव्या प्रमुखाने आल्या-आल्या आधीच्याचं काहीतरी पुसलंय. एकाने वसतिगृहाचं नाव बदललं. एकाने आधीच्याने लावलेली झाडं तोडून गाड्या उभ्या करायला जागा केली. एकाने समारंभाच्या झग्याच्या आतली नावाची पट्टी उसवून स्वतःची लावली. शिंप्याचा कागद फायलीत आहे. शिकलेली माणसं, गळ्यात पदव्यांचे रेशमी पट्टे, आणि वागणं कोंबड्याच्या खुराड्यातलं. दुपारी खायला मक्याच्या पिठाचा केंके आणला होता, तसाच परत नेला.

हे काम पहिल्यांदा ज्याने केलं तो माणूस मला शोधायचाय. १९९१च्या पत्रकात बाईंचं नाव आहे, छोटं छायाचित्रही. म्हणजे त्यानंतर कोणीतरी गाळलं. कोण असेल तो नीच माणूस!

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

सापडला.

सप्टेंबर २००१. 'विद्यापीठाच्या प्रमुखांची अधिकृत यादी. सभागृहाची रंगरंगोटी झाल्यावर तसबिरी या यादीप्रमाणे लावाव्यात.' सहा नावं. बाई नाहीत. एकच पान, समास सुरेख, अक्षरांची रांग कुठे हललेली नाही. मी मनात म्हणालोसुद्धा, टाइप करणारा कसबी आहे.

आमच्या कचेरीत प्रत्येक पत्राच्या तळाशी डावीकडे संदर्भ असतो. ज्याने मजकूर सांगितला त्याची आद्याक्षरं, तिरकी रेघ, मग टाइप करणाऱ्याची. नजर सवयीने तिथे गेली.

के.ओ./वाय.बी.

के.ओ. म्हणजे क्वासी ओफोसुहेने. पळीवाले. दुसरी आद्याक्षरं माझी.

मग टेबलाचा खण उघडला. सतरा जानेवारीचा खिळा मी तिथेच टाकला होता. मनगटावरची खपली अजून गेलेली नाही.

शनिवार, १२ फेब्रुवारी

अबेनाला सांगितलं. ती मशीनवर होती. पाय थांबला, पण मान वर केली नाही.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"तुम्हीच सांगितलं होतं. त्या दिवशी घरी आलात, फुफू वाढायला सांगितलं, आणि म्हणालात, 'अबेना, सातच्या ऐवजी सहा नावं झाली, म्हणून यादी बरोबर एका पानात बसली. साहेब खूश झाले.' तुम्हीही खूश होतात."

"मी असं म्हणालो?"

"हसून म्हणालात. मी विचारलं, सातवं कोणाचं होतं? तर म्हणालात, प्रभारी बाई होत्या, त्या मोजत नाहीत. पुढच्याच महिन्यात बंगल्याची किल्ली आली. आपण गुडघे टेकून देवाचे आभार मानले, आठवतं? मी तेव्हाही विचार करत होते, देवाला आभार नक्की कशाबद्दल कळले असतील."

"मग दहा वर्षं बोलली का नाहीस?"

आता तिने वर बघितलं. "पेरू मीही खाल्ले ना, अहो."

मला त्यातलं काहीच आठवत नाही. ना जेवण, ना हसू. मला वाईट काय वाटतं तर हेच. कोणी धमकावलं असतं, मी घाबरलो असतो, तर ते निदान आठवलं असतं. मी फक्त समास जुळवत होतो.

रविवार, १३ फेब्रुवारी

चर्चमध्ये माझ्या गटाला मी दर रविवारी वचन समजावून सांगतो. आज दहावी आज्ञा होती की नववी, हेही आठवेना. बारा जण माझ्याकडे बघत होते. म्हटलं, आज तुम्हीच बोला. म्हातारी सिस्टर द्रोमो म्हणाली, "ब्रदर बारिमा, तुम्हाला हिवताप आहे का?" मी हो म्हणालो. म्हणजे चर्चमध्ये बसूनसुद्धा खोटं.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

संध्याकाळी नाना आजेकुमांच्या घरी गेलो. अंगणात बसून पायाची नखं कापत होते. सोन्याची काठी भिंतीला टेकवलेली, तिच्यावर कोंबडी.

"ये याव. खोकला बरा झाला माझा," स्वतःच म्हणाले.

मी यादीचं सांगितलं. आद्याक्षरांचंही. ते नखं कापतच राहिले.

"नाना, गेल्या दहा वर्षांत स्थापनादिनाला तुम्ही नावं पुकारता तेव्हा..."

"तेव्हा तू व्हरांड्यात असतोस. कानात बोटं घालून."

"बोटं नाही घालत."

"मग ऐकलंस का कधी? मी वर्षाच्या वर्षाला त्यांच्या कागदावर जी मेलेली असतात ती पुकारतो. मग एक घोट राखून ठेवतो आणि म्हणतो, 'आणि जी अजून जिवंत आहे आणि जिला यांनी विसरायचं ठरवलंय, तिच्यासाठी, ती येईल तेव्हा.' दहा वर्षं. कोणी विचारलं नाही, ती कोण. सगळे जेवणाच्या तंबूकडे बघत असतात."

मला शरम वाटली. ज्याला अक्षर येत नाही त्याने यादी सांभाळली होती. मी, दप्तरवाला, ती बिघडवली होती, आणि त्याच्या तोंडचा घोट अशुद्ध म्हणून दूर उभा राहत होतो.

"आता तरी पुकारा ना, नाना. तुम्ही पुकारलंत की झालं."

ते चिडले. कात्री खाली ठेवली. "शाबास! म्हणजे तुझं तोंड स्वच्छ आणि म्हाताऱ्याची काठी जाईल. ऐक. मी पुकारीनच. पण घराण्याने कागद मागितलाय. त्यांना म्हाताऱ्याचा घसा नकोय, याव, घराचा कागद हवाय. कागदाने गाळलं, कागदानेच भरायचं. मी मद्य सांडतो म्हणून तू मला पापी समजतोस. समज. पण तू शाई सांडतोस, त्याचं काय?"

निघताना म्हणाले, "आणि जेवून जा. उपाशी माणूस फार विचार करतो, काही करत नाही." कोन्तोमिरेची भाजी आणि उकडलेले कंद होते. जेवलो.

सोमवार, २१ फेब्रुवारी

सकाळी मॅडमनी बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी-शेजारी. एक माझ्या नावाचं नेमणूकपत्र, उपकुलसचिवपदाचं, १ एप्रिलपासून. फक्त कुलगुरूंची सही व्हायची होती. दुसरा कोरा, विद्यापीठाच्या नावाचा.

"बेपोसोच्या लोकांना पत्र द्यायचंय," मॅडम म्हणाल्या. "'माजी अध्यापिका.' दोन परिच्छेद. गोड लिहा, तुमची भाषा चांगली आहे. पुस्तिकेचा मजकूरही आठवड्यात हवा. दोन्ही आलं की प्रोफ या पहिल्यावर सही करतील."

मी नियमाचं विचारलं. समितीच्या अध्यक्षांचं, प्राचार्यांचं, ओफोसुहेनेंच्या दोन वर्षांचं. मॅडम वाईट बाई नाहीत. डोळे मिटून ऐकत होत्या.

"मिस्टर बारिमा, कापड छापून झालंय."

"हो, मॅडम."

"सहा हजार वार. त्यावर सात लिहिलंय. आठ म्हटलं की ते अंगावर घालून हिंडणाऱ्या प्रत्येक माणसाचं हसं होईल. आणि प्रोफ आठवे होतील. त्यांना आठवं व्हायचं नाहीये. तुम्हाला कळतंय ना?"

कळलं. एका मेलेल्या बाईला शवागारात ताटकळत ठेवलंय ते कापडासाठी. नियम नाही, वैर नाही. ओफोसुहेनेंचं निदान वैर होतं. पळीचा राग अठरा वर्षं पोटात जपला, तेही एक वेळ समजू शकतो. यांना तर बाई ठाऊकही नाहीत. यांना फक्त सात हवेत.

बाहेर येऊन नळावर चूळ भरली.

बुधवार, २३ फेब्रुवारी

पत्र लिहून दिलं नाही. देणार नाही, असंही म्हणालो नाही. पोट बिघडलंय म्हणालो. ते खोटंही नाही.

खरं लिहायचं तर मला पद हवंय. एसीची अजून दोन वर्षं शिक्षणाची आहेत. निरोप्या म्हणून लागलेला गावठी शाळेचा पोरगा उपकुलसचिव होणं, आई असती तर गावभर सांगत फिरली असती. पेरूचं झाडही मला आवडतं. रोज सकाळी त्याखाली बसून वचन वाचतो.

आज वाचायला बसलो तर वर एक पिकलेला पेरू होता, अर्धा वटवाघळाने खाल्लेला. बघत राहिलो. उठून घरात वाचलं.

सोमवार, २८ फेब्रुवारी

पत्रावर सही 'कुलसचिवांकरिता' अशी मी करू शकतो. दप्तराच्या दाखल्यांवर रोजच करतो. कोणत्याही माजी प्रमुखाचा कार्यकाळ कोणी विचारला तर दाखला मीच देतो. नियमावलीत तसं आहे, आणि हा नियम खराखुरा आहे, शोधून पाहिला.

हे मला पंधरा दिवस ठाऊक होतं. इथे आजच लिहितोय.

अबेनाने ते निळं कापड कापलं आज. मी विचारलं, काय शिवतेस? म्हणाली, "पडदे. या घरात लागले तर लागले, नाहीतर दुसऱ्या घराच्या खिडक्या मोजून घेऊ."

शनिवार, ५ मार्च

काल कचेरी सुटल्यावर संगणक बंद ठेवला आणि जुना टाइपरायटर काढला. २००१चाच. रिबीन अजून चालते. दाखल्याच्या तीन प्रती केल्या.

आज सहाला सभागृहात गेलो. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे मी उपटलेल्या खिळ्याचं भोक तसंच होतं. खिळा त्यातच बसला. हातोडी नव्हती, बुटाच्या टाचेने ठोकला. एक प्रत त्यावर लटकवली. दुसरी मॅडमच्या ट्रेमध्ये, त्या कोऱ्या कागदाच्या वर ठेवली. तिसरी घेऊन बेपोसोला जाणारी ट्रोट्रो गाडी पकडली. नाना आजेकुम स्टँडवर काठी घेऊन बसले होते. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाले, "तुझ्या बायकोने. मी येतोय, पण बोलणार नाही. आज तुझा तू बोल."

वाड्यावर सगळे छपराखाली रांगेत बसले होते. उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवला. पाणी दिलं. मग रीतीप्रमाणे ओपान्यिन चेरेमेंनी विचारलं, "इथे शांतता आहे. तुमचं काय काम?"

उभा राहिलो. वाचलं:

'प्रोफेसर आफुआ द्वोमोह या असुबोनी विद्यापीठाच्या चौथ्या प्रमुख होत्या. नोव्हेंबर १९८२ ते फेब्रुवारी १९८४. त्यांच्या काळात विद्यापीठ एकही दिवस बंद राहिलं नाही आणि कोणी उपाशी झोपलं नाही. सप्टेंबर २००१मध्ये त्यांचं नाव यादीतून गाळण्यात आलं. त्याला कोणताही नियम नव्हता. ती यादी खाली सही करणाऱ्याने टाइप केली होती.'

कोपऱ्यातली एक म्हातारी, बाईंची धाकटी बहीण असावी, म्हणाली, "हा तोच ना, त्या दिवशी 'अध्यापिका' म्हणणारा?"

"तोच," मी म्हणालो.

"तेव्हा आवाज मोठा होता तुझा."

"हो, आई."

"पुन्हा वाच. तेवढ्या मोठ्याने."

पुन्हा वाचलं, तेवढ्या मोठ्याने. नाना जमिनीकडे बघत होते. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

ओपान्यिन चेरेमेंनी कागद मागितला. त्यांना वाचता येत नाही. दूर धरला, जवळ धरला, बोट फिरवत तळापर्यंत नेलं. डाव्या कोपऱ्यात थांबले.

"इथे अजून काहीतरी आहे. हे तू वाचलं नाहीस."

"वाय.बी., तिरकी रेघ, वाय.बी.," मी म्हणालो. "आधी ज्याने सांगितलं त्याचं नाव. मग ज्याने टाइप केलं त्याचं."

"दोन माणसं?"

"नाही, ओपान्यिन. या वेळी एकच."

त्यांनी कागदाची घडी केली आणि वस्त्राच्या घोळात ठेवली. मग आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "बाटली आणा रे."

नानांनी काठी उचलली. मी व्हरांड्यात गेलो नाही.